शब्द देताना दोघं हवीत

पत्र :

माझं वय ६१. सरकारी दवाखान्यातून सिस्टर म्हणून निवृत्त झाले. यजमान ६४ वर्षांचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त. आम्ही नगरचे, चार पिढ्यांचे ख्रिस्ती. तीन वर्षांपूर्वी आम्ही दोघं एका भारतीय मिशन संस्थेतर्फे झारखंडला आलो. साहिबगंज जिल्ह्यात राजमहालच्या टेकड्यांमध्ये पहाडिया लोकांची गावं आहेत. तिथं संस्थेचं वसतिगृह आणि छोटा दवाखाना आहे. हे मुलांना शिकवतात, रविवारी उपासना घेतात. दवाखाना मी बघते.

आलो होतो दोन वर्षांसाठी. तिसरं वर्ष मी आनंदानं दिलं. गेल्या महिन्यात संस्थेची माणसं आली होती. मी चहा घेऊन गेले, तर त्यांतले एक म्हणाले, ‘सिस्टर, अजून पाच वर्षं तुम्ही इथंच आहात हे ऐकून फार बरं वाटलं.’ मला काहीच ठाऊक नव्हतं. यांनी परस्पर शब्द देऊन टाकला होता. रात्री विचारलं तर म्हणाले, ‘नांगराला हात घातल्यावर मागं बघायचं नसतं.’ आता नगरचं घर विकून त्या पैशात इथं मुलींसाठी दोन खोल्या बांधायचं त्यांच्या मनात आहे.

मुलगी पुण्यात असते. डिसेंबरच्या मध्याला तिचं दुसरं बाळंतपण आहे. पहिल्या वेळी मी होते. या वेळी ‘बघते, नाताळचे दिवस आहेत’ असं म्हटलं तर ती म्हणाली, ‘दुसऱ्यांच्या लेकरांना ताप आला की तू रात्रीबेरात्री उठतेस, माझ्यासाठी तुला बघावं लागतं.’ नात पाच वर्षांची. इथं रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी येते. तिथं उभी राहून मी फोन लावते. ती दोन वाक्यं बोलते आणि पळून जाते. माझी आई ८७ वर्षांची, नगरला भावाकडे आहे. हल्ली फोनवर माझा आवाज तिला पटकन ओळखू येत नाही. यांच्या हृदयात दोन स्टेंट आहेत, तो घोर वेगळाच.

इथलं काम मला आवडतं. पण रात्रीच्या प्रार्थनेला रडू येतं आणि वाटतं, माझाच विश्वास कमी पडतोय. मी काय करू? परत जाऊ? यांना एकटं कसं सोडू? की गप्प बसून निभावून नेऊ?

– एक आजी, साहिबगंज

उत्तर :

ताई,

तुमचं पत्र पुष्कळ मोठं आहे, इथं त्यातलं थोडकंच छापता आलं. पण गाळलेल्या भागातली एक हकिगत मी वाचकांना सांगणार आहे, कारण माझं सगळं उत्तर तिच्यावर उभं आहे.

जूनमध्ये एका संध्याकाळी वरच्या गावातून चार माणसं खाटेवर टाकून नऊ वर्षांच्या मुलीला तुमच्या दवाखान्यात घेऊन आली. तीन आठवडे ताप. कुणीतरी मलेरियाच्या गोळ्या देऊन झाल्या होत्या. तुम्ही तिच्या डाव्या बरगड्यांखाली हात लावला आणि प्लीहा तीन बोटं खाली आलेली हाताला लागली. तुम्ही लिहिलंय, ‘त्या क्षणी मला कळलं, आणि मग मी कुणाचं ऐकलं नाही.’ ती काला-आजाराची केस होती. वालुमाशी चावल्यानं होणारा हा आजार आपल्याकडे महाराष्ट्रात बहुतेकांनी नावापुरता ऐकलेला. झारखंडमध्ये मात्र साहिबगंज, पाकुड, दुमका आणि गोड्डा हे चार जिल्हे त्यानं पिढ्यान्‌पिढ्या पोखरलेत. दोन आठवड्यांवर रेंगाळणारा ताप, वाढलेली प्लीहा, आटत जाणारं अंग, आणि उपचार झाले नाहीत तर मृत्यू. तुम्ही रात्रीच जीप काढायला लावून तिला जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलंत. बोटातून रक्त घेऊन तपासणी झाली, शिरेतून औषध गेलं, मुलगी वाचली. आता ती शाळा सुटल्यावर तुमच्याकडे येते आणि गोळ्यांची पाकिटं मोजायला मदत करते.

या मुलीवर तुम्ही दोन पानं लिहिलीत. त्या दोन पानांत ‘हे म्हणाले म्हणून’ असं एकदाही आलेलं नाही. बाकीच्या पत्रात ते जागोजागी आहे.

म्हणून तुमच्या मनातल्या सगळ्यांत जड प्रश्नाला आधी उत्तर देते. तुमचा विश्वास कमी पडलेला नाही. तुम्हाला तिथं तुमचं स्वतःचं पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, आहे, यजमानांच्या पाचारणाला जोडून आलेलं नव्हे. ते तुमच्या हातात आहे, त्या बरगड्यांखाली गेलेल्या बोटांत आहे. पण पाच वर्षांचा शब्द तुम्ही दिलेला नाही. तो तुमच्या वतीनं दुसऱ्यानं दिला, आणि तुम्हाला तो चहाचा ट्रे हातात असताना परक्या माणसाकडून कळला. रात्री येणारं रडू त्या जागेचं आहे. लेकीची, नातीची, आईची आठवण त्यात आहेच. पण माणूस स्वतः ठरवून दूर राहिला तर आठवण सोसता येते. दुसऱ्यानं ठरवून दूर ठेवला की तीच आठवण काळीज कुरतडते.

मिशनरी म्हटलं की आपल्या लोकांच्या डोळ्यांपुढे अजून गोरा साहेब उभा राहतो. खरं तर भारतीय ख्रिस्ती माणसं आपल्याच देशात दूरदूर जाऊन काम करायला लागली त्याला शंभराहून जास्त वर्षं झाली. तिरुनेलवेलीत १९०३ साली इंडियन मिशनरी सोसायटी निघाली आणि १९०५ च्या नाताळच्या दिवशी बंगालमधल्या सेरामपूरला नॅशनल मिशनरी सोसायटी. तुम्ही दोघं त्या परंपरेतली. आणि सेरामपूरचं नाव निघालं म्हणून त्या गावाशी बांधलेल्या एका बाईची गोष्ट तुम्हाला सांगावीशी वाटते. तुमच्या यजमानांनी ती वाचावी अशी माझी इच्छा आहे.

विल्यम केरी हे नाव तुमच्या घरात सगळ्यांना माहीत असणार. मराठीचं व्याकरण १८०५ साली सेरामपूरहून छापणारा तोच. १७९३ साली तो इंग्लंडहून बंगालला निघाला आणि १८३४ साली मरेपर्यंत, एकेचाळीस वर्षांत, एकदाही परत गेला नाही. त्याच्या या निष्ठेवर प्रवचनं होतात. त्याची बायको डॉरथी मात्र प्रवचनात क्वचितच येते. तिनं यायला साफ नकार दिला होता. पदरात पोरं, त्यातलं एक काही आठवड्यांचं तान्हं, आणि समोर जन्मात न पाहिलेला समुद्र. केरी थोरल्या मुलाला घेऊन निघालाही होता. जहाज लांबलं, तेव्हा परत येऊन त्यानं आणि त्याच्या सोबत्यानं तिची समजूत घातली. बहीण बरोबर येणार असेल तर येते, असं म्हणून ती अखेर निघाली. पुढच्याच वर्षी तिचा पाच वर्षांचा पीटर हगवणीनं गेला. ते ज्या मुदनाबाटीत राहत होते ते गाव तुमच्या टेकड्यांवरून गंगेपलीकडे, मालद्याच्या बाजूला. तिथं डॉरथीचं मन जे ढासळलं ते पुन्हा सावरलं नाही. १८०७ साली ती गेली. केरीचं काम मोठंच होतं, मराठी माणसानं तर त्याचं ऋण मानलंच पाहिजे. तरी त्या कामाची जी किंमत डॉरथीनं मोजली, ती मोजायला ती राजी आहे का हे तिला नीट कुणी विचारलं नाही.

तुमची गत तिच्यासारखी होईल असं मला अजिबात म्हणायचं नाही. तुम्ही शिकलेल्या, कमावलेल्या, स्वतःच्या पायावर उभ्या असलेल्या बाई आहात. मला इतकंच म्हणायचंय की ‘बायको बरोबर आहेच’ असं धरून चालणं ही मिशनच्या इतिहासातली जुनी खोड आहे, आणि ती फार सज्जन माणसांनाही लागते.

दुसरं उदाहरण तुमच्या घरचंच म्हणा. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई त्यांच्या मागोमाग गेल्या नाहीत. त्यानंतर काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. पुढे नवऱ्याकडे आल्या, तरी लगेच धर्म बदलला नाही; स्वतःच्या मनाला पटलं तेव्हा, १९०० साली, बाप्तिस्मा घेतला. टिळक असे की घरातली वस्तू उचलून कुणालाही देऊन टाकत, आणि लक्ष्मीबाई भांडत. प्रेमानं भांडत, पण भांडत. त्या भांडल्या म्हणून टिळकांच्या कामात खोट आली नाही. उलट नगरच्या ख्रिस्ती समाजाला टिळकांइतकाच लक्ष्मीबाईंचाही अभिमान आहे, कारण त्या नवऱ्याची सावली होऊन राहिल्या नाहीत.

आता नांगराबद्दल. शास्त्र तुम्ही माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वाचलंय, म्हणून भीतभीतच लिहिते. बायबलमधल्या लूकच्या नवव्या अध्यायातलं ते वाक्य ज्याला उद्देशून आहे, त्यानं ‘मी तुमच्यामागे येईन’ असं स्वतःच्या तोंडानं म्हटलेलं आहे. स्वतःचा हात नांगराला लावणाऱ्यासाठी ते वाक्य आहे. दुसऱ्याचा हात धरून नांगराला लावायची परवानगी त्यातून मिळत नाही. आणि जुन्या करारात अलीशा खरोखरच नांगर धरून शेतात उभा होता, तेव्हा एलीयानं त्याला बोलावलं. ‘आईबापांचा मुका घेऊन येतो’ असं तो म्हणाला. एलीयानं त्याला जाऊ दिलं. अलीशानं बैल कापून लोकांना जेवण घातलं, सगळ्यांचा रीतसर निरोप घेतला आणि मगच तो निघाला. मार्कच्या सातव्या अध्यायात तर येशू त्या लोकांवर चिडलेला आहे, जे आईबापांना म्हणतात, ‘तुम्हाला माझ्याकडून जे मिळायचं ते आता कुर्बान आहे, देवाला वाहिलंय.’ देवाच्या नावाखाली घरच्यांचं देणं बुडवू नका, असं तो बजावतो. आणि वधस्तंभावर प्राण जात असताना आपल्या आईची सोय लावायची त्याला आठवण राहते, हे योहानानं लिहून ठेवलंय. यजमानांनी एक वचन सांगितलं, तर तुम्ही ही तीन सांगू शकता. वादात जिंकायला नकोत. रात्री प्रार्थनेला बसाल तेव्हा तुमच्या स्वतःच्या मनासाठी ती जवळ असू द्या.

यजमानांशी बोलायला हवं, आणि लवकर. उपासनेनंतर नको, वसतिगृहात नको, चार मुलं खिडकीत उभी असताना तर नकोच. औषधं आणायच्या निमित्तानं दोघंच साहिबगंजला जा, काम उरका आणि गंगेच्या घाटावर बसा. ‘मला परत जायचंय’ इथून सुरुवात करू नका. ते लगेच पाच वर्षं आणि देवाची इच्छा यावर जातील. सुरुवात अशी करा : ‘अहो, तुम्ही माझ्या वतीनं शब्द दिलात आणि मला तो परक्याच्या तोंडून कळला. मला लागलं.’ आणि थांबा. त्यांना बोलू द्या. ज्या माणसानं आयुष्यभर पोरं शिकवली, त्याला हे वाक्य कळणार नाही असं मला वाटत नाही. तुमच्या पत्रात ते कुठंही दुष्ट दिसत नाहीत. निवृत्तीनंतर पुन्हा कुणाला तरी आपली गरज आहे याची नशा चढलेला भला माणूस दिसतो. शाळेची घंटा बंद झाली की बऱ्याच मुख्याध्यापकांना घर खायला उठतं. त्यांना तिथं दुसरी शाळा मिळाली. ती हातची जाईल या धास्तीनं त्यांनी तुम्हाला विचारायचं टाळलं असेल, कारण विचारलं असतं तर तुम्ही ‘विचार करू’ म्हणाला असता.

त्यानंतर संस्थेला पत्र लिहा. तुमच्या नावानं, तुमच्या सहीनं, वेगळं. त्यात लिहा की पाच वर्षांची बांधिलकी तुमच्याशी बोलून ठरलेली नाही. तुम्ही दर वर्षी विचार करून पुढच्या वर्षाचं कळवाल. वर्षातून दोन महिने घरी जाल, आणि तेवढ्या काळासाठी दवाखान्यात बदली सिस्टर लागेल. मिशनच्या लोकांना यात नवं काही नाही. अमेरिकन मिशनरी आपल्याकडे काम करत तेव्हाही ठराविक वर्षांनी मायदेशी रजेवर जात. मदुराईकडची त्यांची माणसं आजारानं पटापट मरायला लागली, तेव्हा १८४५ च्या सुमारास त्यांनी कोडाईकनालला थंड हवेत घरं बांधली. माणूस विसाव्याशिवाय टिकत नाही हे त्यांना पोरं पुरून कळलं होतं. तुमच्या संस्थेनं ते कागदावर आणायला काय हरकत आहे? याद्या, तारखा, बदली माणूस, सगळं लेखी.

लेखीवरून आणखी एक. यजमान वसतिगृह सांभाळतात, म्हणजे तिथल्या लहान मुलांची जबाबदारी कायद्यानंही त्यांच्यावर येते. झारखंडात २०१७ चा धर्मस्वातंत्र्य कायदा आहे. बळजबरी, आमिष किंवा फसवणूक करून धर्मांतर हा तिथं गुन्हा आहे, आणि धर्मांतराच्या विधीसाठी जिल्हा प्रशासनाची आधी परवानगी लागते. तुमच्या पत्रावरून तुमचं काम औषधपाणी, शिक्षण आणि ज्याला यायचं त्याच्यासाठी उपासना, इतकंच दिसतं. त्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण संस्थेची नोंदणी, प्रत्येक मुलाच्या आईवडिलांची त्यांना कळणाऱ्या भाषेतली संमती, येण्याजाण्याची वही, हे सगळं चोख आहे ना, हे पाच वर्षांची सही करण्याआधी दोघांनी बसून डोळ्यांनी बघा. चौसष्टाव्या वर्षी, दोन स्टेंट घेऊन, दुसऱ्याच्या ढिलाईपायी पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवायची वेळ कुणावर येऊ नये.

घराबद्दल मी अगदी स्पष्ट सांगते : नगरचं घर विकू नका. या एका गोष्टीत तडजोड नको. सिंहगडावर सूर्याजीनं दोर कापले ते लढाईत, पळणाऱ्या मावळ्यांना परत फिरवायला. तुम्ही पळत नाही आहात आणि ही लढाई नाही. ते घर म्हणजे तुमच्या म्हातारपणाचं छप्पर आहे. उद्या यजमानांना पुन्हा हृदयाचा त्रास झाला, तर महिनोन्‌महिने डॉक्टरांच्या जवळ राहावं लागेल, तेव्हा लेकीच्या दोन खोल्यांत किती दिवस राहाल? मुलींच्या खोल्या बांधायच्याच असतील तर त्या संस्थेनं वर्गणी काढून बांधाव्यात, नगरच्या मंडळीकडे मागावं, पेन्शनमधून तुम्ही जमेल तेवढा वाटा द्यावा. घर भाड्यानं द्या, ते भाडं हवं तर खोल्यांना जाऊ दे. पण खरेदीखतावर सही करायची नाही. घर दोघांच्या नावावर असेल तर तुमच्या सहीशिवाय ते विकलं जाणारही नाही. एकट्या त्यांच्या नावावर असेल, तर घाटावरच्या त्याच बोलण्यात हेही काढा.

यजमानांच्या हृदयाचं तुम्हाला मी काय शिकवणार? तरी परिचारिका स्वतःच्या माणसाच्या बाबतीत कधीकधी डोळे मिटून घेते, म्हणून विचारते. रात्री दोन वाजता छातीत कळ आली तर जीप कोण काढणार, ते नाव ठरलंय का? पावसाळ्यात ओढा भरला तर दुसरी वाट कुठली? ॲन्जिओप्लास्टी होणारं सगळ्यांत जवळचं रुग्णालय कुठलं, तिथं पोचायला किती तास लागतात, आणि तुमचा आरोग्य विमा तिथं चालतो का? ही उत्तरं एका कागदावर लिहून दवाखान्याच्या भिंतीला लावा आणि त्याची एक प्रत लेकीला पाठवा. उत्तरं लिहिता आली नाहीत, तर पाच वर्षांच्या शब्दाचा निकाल तिथंच लागला असं समजा. यजमानांनाही तो कागद बोलून दाखवावा लागणार नाही.

आता लेक. तिनं जे म्हटलं ते तुम्हाला झोंबलं, कारण ते खरं होतं. तिला तुमचं कायमचं परत येणं नकोय. तुम्ही कायमच्या तिच्या घरी राहून पोरं सांभाळा असंही ती कुठं म्हणालेली नाही. म्हणाली असती तर मी तुमच्या बाजूनं भांडले असते, कारण आजी म्हणजे फुकटचं पाळणाघर नव्हे आणि साठीनंतरही बाईला स्वतःचं काम असू शकतं. तिनं मागितलंय फक्त बाळंतपण. तिला आई हवीय. तेल लावणारी, शेक देणारी, रात्री बाळ रडायला लागलं की ‘तू झोप, मी बघते’ म्हणणारी. तुम्ही तिथल्या बायकांची बाळंतपणं करता. पुण्यातल्या बाईचंही एक करा. नाताळ आहे म्हणून जाता येणार नाही, हे कारण मला पटत नाही. नाताळची गाणी, नाटक, केक, मुलांचे नवे कपडे हे सगळं तुमच्याशिवाय होईल. मुलं कुरकुरतील, केक थोडा करपेल, उपासना व्हायची ती होईलच. आणि नाताळ हा एका बाळंतपणाचाच तर सण आहे.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला निघा आणि सव्वा महिना पुरा करून जानेवारीअखेर परत फिरा. तोवर यजमान एकटे राहतील. राहू देत. मुलांबरोबर जेवतील, गोळ्या वेळेवर घेतील की नाही याची तुम्हाला काळजी वाटणार, तर ती गोळ्या मोजणारी नऊ वर्षांची मुलगी आणि वसतिगृहातला एखादा थोरला मुलगा यांच्यावर तेवढं काम सोपवा. नाताळानंतर जमलं तर यजमानांनी आठवडाभर पुण्याला यावं, बाळ बघावं, आणि त्याच फेरीत हृदयाच्या डॉक्टरांनाही दाखवून घ्यावं.

लेकीला आजच फोन करून तारीख सांगा. कारणं नको, वचनं नको, ‘प्रभूची इच्छा असेल तर’ हेही या वेळी मनातच असू द्या. ‘मी पाच नोव्हेंबरला निघतेय’ इतकंच सांगा.

नातीचं फार मनाला लावून घेऊ नका. पाच वर्षांचं मूल टाकीपाशी उभ्या असलेल्या आजीशी फोनवर गप्पा मारू शकत नाही. त्यात तिचा दोष नाही आणि तुमच्या प्रेमाचाही नाही. रात्री पाच मिनिटांची गोष्ट तुमच्या आवाजात फोनवर मुद्रित करा, सकाळी टाकीपाशी गेलात की पाठवून द्या. तिची आई रात्री ती ऐकवेल. रेंज कधी आहे, कधी नाही, याची मग फिकीर उरत नाही. गोष्टीत तुमची ती गोळ्या मोजणारी मुलगी येऊ द्या, हाटाला आलेली माणसं येऊ द्या, वसतिगृहातल्या मुलांचं गाणं येऊ द्या. दोन मुली एकमेकींना चित्रं पाठवायला लागल्या तर तुमची आजी म्हणून अर्धी काळजी मिटेल. बाकीची अर्धी नोव्हेंबरात प्रत्यक्ष मिटवा.

तुमच्या आईबद्दल तुम्ही सगळ्यांत कमी लिहिलंय. दोनच ओळी. त्या दोन ओळींनीच मला जास्त अस्वस्थ केलं. ८७ वर्षांच्या आईला लेकीचा आवाज पटकन ओळखू येत नसेल, तर ‘पुढच्या वर्षी जाऊ’ असं म्हणायला वाव नाही. पाच वर्षांच्या शब्दात ही गोष्ट कुणी धरली होती का, हे यजमानांना विचारा. पुण्याच्या आधी आईकडे जा आणि निदान आठवडाभर राहा. आईजवळ बसाच, पण भावजयीलाही सुटी द्या. तीन वर्षं तुमच्या आईचं अंथरूण-पांघरूण तीच करतेय. तिला म्हणा, ‘आठ दिवस माहेरी जाऊन ये, मी आहे.’ तिच्याबद्दल तुमच्या पत्रात एक शब्द नाही, म्हणून मुद्दाम सांगते. आणखी एक काम करून या. सत्तरीच्या पुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं आणि त्यावर वर्षाला पाच लाखांपर्यंतचे रुग्णालयातले उपचार होतात. ऑक्टोबर २०२४ पासून ही सोय सुरू आहे. भावानं आईचं कार्ड काढलं नसेल तर आधार कार्ड घेऊन ते काढून घ्या.

पुढच्या पाच वर्षांचं काय ते जानेवारीत ठरवा, आणि पुण्यात बसून ठरवा. टेकडीवर बसून ठरवलंत तर तापानं फणफणलेलं एखादं लेकरू समोर असेल आणि तुम्ही ‘हो’ म्हणाल. बाळाचा सव्वा महिना झाला की स्वतःला विचारा : यजमान तिथं नसते, तरी मी परत गेले असते का? मला वाटतं, तुमचं उत्तर ‘हो, पण वर्षातले दहा महिने’ असं येईल. तसं आलं तर त्याच दहा महिन्यांत वरच्या गावांतल्या दोन-तीन मुलींना हाताशी धरा. प्लीहा कशी चाचपायची, ताप किती दिवसांचा झाला की खाट उचलायची, हे त्यांना शिकवा. म्हणजे तुम्ही रजेवर असताना दवाखान्याला नुसतं कुलूप लागणार नाही, आणि एक दिवस तुम्ही कायमच्या नगरला आलात तरी ते काम तिथं राहील. उत्तर ‘नाही’ आलं तर तेही यजमानांना सांगा. मग त्यांनी एकट्यानं राहायचं की तुमच्याबरोबर परत यायचं, हा शब्द त्यांचा त्यांनी द्यायचा. तो तुम्ही द्यायचा नाही.

रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी खुलं होतं, म्हणजे नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्याच्या तिकिटासाठी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तयार राहायला हवं. टाकीपाशी उभं राहून ते जमणार नाही. लेकीला काढायला सांगा, तिलाही बरं वाटेल. हावड्याहून पुण्याला येणारी आझाद हिंद एक्स्प्रेस मनमाड-दौंड मार्गानं नगरवरूनच जाते, तेव्हा तिकीट नगरपर्यंतचंच काढायला सांगा. पुण्याला मग आईकडे राहून झाल्यावर एसटीनं जाता येईल.